मोटारीला पाजलेलं तेल

आमच्या घरात तेलाचं फार. म्हणजे तेल फार होतं असं नाही, तेलावरून बोलणं फार. सासऱ्यांचं म्हणणं, आपल्या डोळ्यांसमोर घाण्यातून निघालं ते तेल, बाकी सगळं पाणी. यांचं म्हणणं, ज्या डब्यावर शिक्का ते तेल, बाकी सगळं विष. आणि मी दोघांच्या मधे, हातात झारा घेऊन उभी. सासऱ्यांची भाजी घाण्याच्या तेलात, यांची भाजी पाकिटाच्या तेलात. मी दोन्ही कढयांतलं उरलेलं खायची, मला काहीच झालं नाही.

आधी माणसं सांगते, म्हणजे पुढं गोंधळ नको. हे, म्हणजे आमचे मालक, जनावरांच्या दवाखान्यात पट्टीबंधक होते. खरे डॉक्टर कधीमधी यायचे, म्हणून गावाच्या लेखी डॉक्टर हेच. बाटलीवरचं बारीक अक्षर वाचल्याशिवाय हे झाकण उघडत नसत. मला सर्दीची गोळी द्यायची तरी आधी तिची मुदत वाचून दाखवत, तोवर माझं नाक वाहत राही.

सासऱ्यांना मी मामाजी म्हणायची. त्यांना नाद पटाचा. आमच्या ब्रह्मपुरीकडच्या भागात धान घरात आलं की गावोगाव शंकरपट भरतो. दिवसा बैलांच्या शर्यती आणि रात्री मंडईसारख्या गर्दीत नाटक. मामाजींकडं पटाची एक जोडी होती. तिला नांगर नाही, बंडी म्हणजे बैलगाडी नाही, चिखलणी नाही. फक्त खायचं आणि पळायचं. मी एकदा म्हटलं, "मामाजी, हे बैल हायेत का जावई?"

तर म्हणाले, "जावई बोलते, बाई. हे बोलत तं नाई."

या जोडीला हिवाळाभर जवसाचं तेल पाजत. जवस घेऊन स्वतः घाण्यावर जात आणि तेल चरवीत पडेपर्यंत तिथून हलत नसत. पाणी प्यायलाही उठत नसत, न जाणो तेवढ्यात घाणेवाल्यानं काही मिसळलं तर. घरी आणलं की चरवीच्या तळाशी जो गाळ बसे, तो मात्र गाळून टाकू देत नसत. "ताकद सारी बुडाले रायते," म्हणत. मग बांबूच्या नळकांड्यात तेल भरायचं, बैलाचं तोंड वर करायचं आणि हळूहळू घशात सोडायचं. बैल डोळे मिटून घ्यायचा. मामाजीही मिटायचे.

अशा घरात मोटार आली. एका साहेबाची बदली झाली, त्याची जुनी डिझेलची गाडी यांनी घेतली. पांढरी, गोल पाठीची, कासवासारखी. आवाज मात्र कासवाचा नव्हता. चालू केली की भांड्यांची पेटी उतारावरून सोडल्यासारखं वाटे. शेजारच्या घरात पाळण्यातलं लेकरू दचकून उठायचं आणि त्याची आजी आमच्या दिशेनं बोटं मोडायची.

हे गाडी घेऊन ब्रह्मपुरीच्या मिस्त्रीकडं गेले. मीही गेले होते, मला बांगड्या भरायच्या होत्या. मिस्त्री म्हणजे बडं प्रस्थ. दाढी मेंदीची, तोंडात पान, आणि एकही गोष्ट मला माहीत नाही असं तो कधी म्हणाला नाही. त्यानं पेचकसाचं टोक इंजिनाला लावलं, मूठ कानाला लावली आणि डोळे मिटले. आमच्याकडं तेलाची गोष्ट निघाली की माणसं डोळे का मिटतात देव जाणे.

"डॉक्टरसाहब," तो म्हणाला, "आजकल डिझेल सुखं येऊन राह्यलं. पंपाले चिकनाई भेटत नाई. टाकीत थोडं टू-टी टाकत जा. मक्खन चालेल."

टू-टी काय ते मला माहीत होतं. आधी आमच्याकडं मोपेड होती. तिच्या इंजिनाला तेलाची वेगळी जागा नसते, ते पेट्रोलमध्येच मिसळून पाजावं लागतं. तेच हे तेल. मी म्हटलं, "पण ते तं फटफटीचं तेल. मोटारीत कसं चालते?"

"भाभी, तेल म्हणजे तेल," मिस्त्री म्हणाला आणि कोपऱ्यातल्या ड्रमकडं वळला.

यांनी ड्रमभोवती एक फेरी मारली. बैल घेताना मारतात तशी. "याच्यावर शिक्का कुठी हाये?"

"शिक्का डब्यावर रायते, साहब. इंजिनात तेल जाते."

"खुलं तेल मी घेत नाई. काय मिसळलं असन कोनाले माहीत."

"माही दाढी मिसळली हाये," मिस्त्री चिडून म्हणाला. "नका घेऊ."

हे बाजारात गेले आणि सीलबंद डबा घेऊन आले. वाटभर त्याच्यावरची अक्षरं वाचत होते. धूर कमी होणारा दर्जा कोणता, कोणत्या खुणेचं तेल हलकं, कोणत्या खुणेचं भारी, सगळं मला सांगितलं. माझं लक्ष नव्या बांगड्यांकडं होतं. घरी आल्यावर प्रश्न पडला, मात्रा किती? जनावराला औषध वजनावर देतात. म्हणून हे परत मिस्त्रीकडं विचारायला गेले, की मोटारीचं वजन किती. मिस्त्रीनं पान थुंकून विचारलं, "काऊन? कापाले न्यायची हाये का?"

शेवटी यांनी अंदाजानं मात्रा ठरवली आणि दवाखान्यातल्या मोठ्या, बिनसुईच्या पिचकारीनं टाकीत डोस दिला. मग सगळ्या घराला अंगणात उभं केलं आणि गाडी चालू केली.

"आवाज कमी झाला का नाई?"

मला काही फरक वाटला नाही. पण यांचा चेहरा असा होता की मी म्हटलं, "झाल्यासारखा वाटते."

मामाजी म्हणाले, "वाढला."

शेजारची आजी कुंपणावरून म्हणाली, "लेकरू तं उठलंच."

मागून निळसर धूर आला आणि तुळशीपाशी जाऊन बसला. मामाजींनी डब्यातलं थेंबभर तेल बोटावर घेतलं, चोळलं, हुंगलं. "हे तेल व्हय? याले वास नाई, चव नाई. कोनं काढलं हे?"

"मोठ्या कारखान्यात निघते, बाबा. तपासून शिक्का मारतेत."

"तू पाह्यलं तपासताना?"

"मी कसा पाहीन?"

"मंग?" मामाजी एवढंच म्हणाले आणि बैलांकडं गेले.

त्या हिवाळ्यात आमच्या गावचा पट आला. गावाचं नाटक मंडळ होतं आणि हे त्याचे सचिव. गावातलेच पुरुष कामं करत, नायिका मात्र वडश्याहून बोलवत. वडसा म्हणजे आमच्याकडच्या नाटकांचं माहेरच. आदल्या वर्षी नायिकेला ट्रॅक्टरवर बसवून आणलं होतं. बिचारी धानाच्या तणसावर बसून आली आणि रात्रभर राणीच्या मुकुटाखाली शिंकत राहिली. शेजारच्या गावानं वर्षभर आम्हाला त्यावरून चिडवलं. बाजारात आमचा माणूस दिसला की लांबून शिंकायचे.

म्हणून यंदा यांनी भोंग्यावरून आठवडाभर पुकारा लावला होता, "नाटकाची नायिका खास मोटारीनं येत आहे हो!" मोटार अर्थात आमची. नाटकात नायिकेच्या बापाचं काम यांचं. तिच्यासोबत तालीम करायला तेवढी एक दुपार होती. म्हणजे गाडी रस्त्यात राहिली तर नायिकाही नाही, तिचा बापही नाही, आणि शेजारचं गाव पुढची दहा वर्षं शिंकत राहणार. यांना आदल्या दिवशी जेवण गेलं नाही.

मंडळाची एक रीत होती. बाईमाणूस आणायला जायचं तर सोबत घरची बाई पाहिजे. म्हणून मी.

सकाळी निघताना यांनी पिचकारीनं डोस दिला. लांबचा पल्ला म्हणून नेहमीपेक्षा जास्त. मामाजी गोठ्यात जोडीला तेल पाजत होते. पटाचा दिवस होता ना. आम्ही निघालो तेव्हा गाडीच्या तोंडावर हळदीकुंकू लावलेलं दिसलं. मला बरं वाटलं. म्हटलं, म्हातारा मोटारीला घरचं मानायला लागला. किती घरचं मानलंय ते मला कुठं ठाऊक!

वैनगंगेचा पूल यायच्या आधीपासूनच मला कुठूनतरी वास येत होता. म्हटलं, सकाळी सकाळी रस्त्यावर भजी कोण तळून राह्यलं? पूल गेला, वस्ती गेली, दोन्ही बाजूंना नुसती रिकामी बांध्यांची शेतं, तरी भजी आमच्यासोबतच. यांना म्हटलं तर म्हणाले, "तुले भूक लागली असन."

वडश्याला नायिका तयारच होती. ठसठशीत बाई, मोठं कुंकू, हातात पत्र्याची ट्रंक. गाडी पाहून खूश झाली. मागं माझ्याजवळ बसली आणि म्हणाली, "वहिनी, खरंच मोटार! मले वाटलं, मोटार म्हणतेत अन् बंडी आणतेत."

"नाई जी," हे पुढून अभिमानानं म्हणाले. "शिक्क्याच्या तेलावर चालते."

ब्रह्मपुरी मागं पडली, डांबर संपून आमचा मातीचा रस्ता लागला, आणि गाडीला उचकी लागली. एक उचकी, मग दोन, मग सारख्याच. गाडी पुढं जाई, थबके, पुन्हा जाई. यांनी पाय दाबला तर तिनं एक लांब सुस्कारा सोडला आणि पळसाखाली उभी राहिली. उभी राहिली ती राहिलीच.

हे उतरले. बोनट उघडलं. पंप हातानं दाबून पाहिला, नळी फुंकली, कपाळाला हात लावला, त्यामुळं कपाळ काळं झालं. मग डिकीतून तेलाचा डबा काढला आणि वाचायला लागले. जणू आजार डब्यावरच लिहिलेला असणार.

"शिक्का असली हाये," ते म्हणाले. "दर्जा हाये. मुदत हाये. सील मी स्वतः तोडलं."

मी म्हटलं, "कोनासाठी हाये ते लिहलं असन ना?"

त्यांनी डबा फिरवला. आणि पहिल्यांदाच, इतक्या दिवसांत पहिल्यांदाच, ती ओळ वाचली. "दुचाकी व तीनचाकीच्या टू-स्ट्रोक इंजिनांकरिता."

नायिकेनं ट्रंकेतून बोरं काढली, मला दिली, स्वतः घेतली आणि बी थुंकून म्हणाली, "भाऊ, तुम्ही जनावराचे डॉक्टर ना? घोड्याचं औषध कोंबडीले देतेत का?"

"मिस्त्रीनं सांगतलं होतं," हे पुटपुटले.

तेवढ्यात पटाला चाललेला एक सायकलवाला गडी आला. त्याच्यासोबत गावात निरोप दिला, मोटार पळसापाशी अडली हाये, कोनाले तरी पाठवा. तो नायिकेकडं बघत बघतच गेला, नालीत पडता पडता वाचला. नायिकेला म्हटलं, पाहिजे तर मागून येणाऱ्या एखाद्या सायकलवर बसा, निदान तुम्ही तरी पोचा. ती म्हणाली, "वहिनी, भोंग्यावर काय सांगतलं? मोटारीनं येते म्हनून ना? मंग मी मोटारीनंच येईन. उतरली तं तुमच्या गावाचं नाक जाईन अन् माहं बी."

मला ती बाई तिथंच आवडली.

ऊन कलायला लागलं. नायिका म्हणाली, "बसून काय राह्यचं? भाऊ, तालीम तरी करू." आणि त्या मातीच्या रस्त्यावर, उघड्या बोनटसमोर तालीम सुरू झाली. नाटकातला बाप म्हणजे मुलीचं वाटोळं करून पस्तावलेला. शेवटच्या प्रवेशात तो तिच्यापुढं रडतो. एरवी यांना रडणं काही केल्या येत नसे, मंडळानं डोळ्यात कांदा पिळायचं ठरवलं होतं. पण त्या दिवशी काय झालं कोण जाणे. कपाळाला काजळी, हातात तेलाचा डबा, समोर अडलेली गाडी. हे गुडघ्यावर बसले आणि असे रडले, असे रडले, की नायिकाही बोर खायची थांबली.

"सारा दोष माझा आहे!" हे ओरडत होते. "माझ्या या हातांनी मी सत्यानाश केला! मला क्षमा नाही!"

आणि नेमके तेव्हाच मामाजी आले. जोडी घेऊन. सायकलवाल्यानं निरोप थेट पटाच्या धावेवरच दिला होता. आमची जोडी पळायची बाकी होती, तिचा नंबर यायचाच होता, आणि म्हातारा ती सोडवून तसाच निघून आला होता. डोक्याला पटाचं गुलाबी पागोटं, बैलांच्या शिंगांना गोंडे.

लेक मातीत बसून रडतोय हे त्यांनी पाहिलं. त्यांना कुठं ठाऊक ते नाटक होतं! हातातला कासरा खाली पडला.

"उठ गा," ते म्हणाले. आवाज असा की मी तो पुन्हा कधी ऐकला नाही. "रडू नको. तुहा दोष नाई. मीच पाजलं."

हे हुंदका अर्ध्यावर ठेवून बघायला लागले. "काय पाजलं?"

"तेल. जवसाचं. पहाटे. जोडीले पाजलं, उरलं, मनलं, आज ते बी पटात हाये, तिलेच काऊन उपाशी ठेवाचं? बुडाचा गाळ होता तो बी दिला." मग कासरा उचलत म्हणाले, "सारा दिला."

"नळकांड्यानं?"

"मंग काय हातानं?"

मी तोंडाला पदर लावला. नायिकेला पदर पुरला नाही, तिनं पळसाला टेकून हसून घेतलं. आमचे हे मात्र तसेच गुडघ्यावर बसून होते. एकीकडं बापाचा राग यावा, दुसरीकडं आपणही सकाळी जास्तीचा डोस दिलाय ते आठवावं. शेवटी त्यांनी नाटकातलंच पुढचं वाक्य म्हटलं, "आता पुढे काय?"

पुढं काय ते मामाजींनी आधीच ठरवलं होतं. त्यांनी मोटारीच्या पुढच्या लोखंडाला दोर बांधला. ज्या बैलांच्या मानेवर कधी नांगर पडला नव्हता, ज्यांना बंडीचं जू ठाऊक नव्हतं, त्या बैलांना त्यांनी स्वतःच्या हातानं मोटारीला जुंपलं. जुंपताना दोघांच्या कानात काहीतरी म्हणाले. माफी मागितली असणार. मला म्हणाले, "बाई, बसा. खिडकीचा पडदा ओढून बसा. लोकं पाह्यतीन."

बैल आधी बुजले. त्यांना वाटलं असेल पळायचं आहे. एकदम अशी ओढ घेतली की आतमध्ये मी नायिकेच्या मांडीवर आणि बोरं माझ्या केसांत. मग त्यांना कळलं, हे काही वेगळंच आहे, आणि चालायला लागले. हे आत बसून सुकाणू धरून होते. मामाजी बैलांसोबत चालत होते. बैलाला टोचायची तुतारी त्यांनी एकदाही वापरली नाही.

गावात शिरलो तेव्हा पट संपत आला होता. दिवस मावळायला टेकलेला. भोंग्यावरच्या माणसाला दुरून आम्ही दिसलो आणि त्याची जीभच अडखळली. "नायिका... मोटारीनं... बैलानं... अरे बापा, या, या, रस्ता द्या!" लोक पटाच्या धावेवरून उठून आले. शेजारच्या गावचेही होते. मी त्यांच्याकडं बघून घेतलं. एकही शिंकला नाही. त्यांची तोंडं उघडीच राहिली होती. नायिकेनं पडदा सारला, काच खाली केली आणि राणीसारखा हात हलवला. मोटारीनं तर कोणीही येतं, पटाच्या जोडीनं ओढलेल्या मोटारीतून कोण आलंय?

नाटक झालं. बाप इतका रडला की बायकांनी त्याला मनातून माफ केलं. पटाला आलेल्या माझ्या आत्यानं तेवढं केलं नाही, ती कोणालाच माफ करत नाही.

दुसऱ्या दिवशी मिस्त्री गावात आला. त्यानं डिझेलची जाळी काढली. तिच्यात जवसाचा चिकट गाळ असा बसला होता की कालवणात घातला असता तरी वाया गेला नसता. त्यानं हुंगलं. "या अल्ला. ये तो बैल का नाश्ता है."

यांनी लगेच विचारलं, "अन् माहं तेल? शिक्क्याचं?"

"तुमच्या तेलानं गाडी अडली नाई," मिस्त्री म्हणाला. "शिक्का म्हणजे काय, त्यात कचरा नाई, जे लिवलं ते आत हाये. एवढंच. तुमच्या गाडीले ते पाह्यजे का नाई, हे शिक्का कायले सांगन?"

"पन टाकाले तं तूच सांगतलं!"

मिस्त्रीनं जाळी फार मन लावून पुसायला घेतली. मग म्हणाला, "थोडं म्हटलं होतं." नंतर हे एकदा त्याच्या गॅरेजात गेले तेव्हा त्या ड्रमचं झाकण उघडं होतं. हे वाकून बघायला गेले तर मिस्त्रीनं झाकण लावलं आणि त्यावर स्वतः बसला.

मामाजींनी मात्र हार मानली नाही. ओसरीवर बसून त्यांनी साऱ्या गावाला सांगितलं, "गाडी आली का नाई आली? कायच्यावर आली? जवसाच्या तेलावरच आली ना? फक्त ते बैलाच्या पोटातून गेलं."

यांनी डिझेलच्या टाकीच्या झाकणाला कुलूप बसवून घेतलं आणि चावी माझ्याकडं दिली. दोघांपैकी कोणालाही द्यायची नाही, असं त्यांनी स्वतःच बजावलं. गाडीचा आवाज पुन्हा होता तेवढाच झाला. खरं सांगू, मला तर तो कधी कमी वाटलाच नव्हता.

पुढच्या हिवाळ्यात हे नायिकेला ठरवायला वडश्याला गेले. तिनं विचारलं, "भाऊ, यंदा कोन येते न्याले?"

"मोटार," हे म्हणाले. "एकदम दुरुस्त हाये. टाकीले कुलूप हाये."

"बैल नाई?"

"नाई."

"मंग मी विचार करते," ती म्हणाली.

हे घरी येऊन मामाजींना भीत भीत सांगायला लागले. मामाजींनी पुरतं ऐकूनही घेतलं नाही. "पटाचे बैल हायेत ते, बंडीचे नाई. एकदा झालं ते झालं." असं म्हणून तावातावानं उठून गेले. पण पटाच्या आदल्या दिवशी मी गोठ्यात गेले, तर म्हातारा जोडीच्या मानेवर, जुवाखाली घालायला कापसाची मऊ गादी शिवत बसला होता. मला पाहिलं आणि सुई लपवली.

"काय पाह्यतं, बाई?" ते म्हणाले. "हिवाळा हाये. त्याईले थंडी लागते."